लोहाचे ओझे आणि यकृत

माणूस भट्टीत लोखंड गाळावयास शिकला, त्याच्या लक्षावधी वर्षे आधीपासून लोह त्याच्या रक्तात वावरत होते. श्वासावाटे आत आलेला प्राणवायू शरीरातील पेशीपेशीपर्यंत पोहोचविण्याचे काम तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिन करते आणि या हीमोग्लोबिनच्या गाभ्याशी लोहाचे अणू असतात. लोह कमी पडले की माणूस फिकट दिसू लागतो, थोड्याशा श्रमाने त्याला धाप लागते आणि नेहमीचे कामही त्याच्याने होईनासे होते. आयुर्वेदाने अशा अवस्थेला पांडुरोग म्हटले व तीवर लोहभस्म आणि मंडूर यांची योजना केली. आधुनिक वैद्यकही लोहक्षारांच्या गोळ्या देते. भारतात हा प्रश्न आजही मोठा आहे. २०१९–२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळून आला. गरोदर स्त्रिया व मुले यांना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आलेला आहे.

अशा देशात लोहाच्या अतिरेकाने होणाऱ्या रोगाची चर्चा करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु याच देशात अशी हजारो मुले आहेत की ज्यांच्या शरीरात लोह कमी नाही, तर साठून साठून विषासमान झालेले आहे. ते त्यांना अन्नातून मिळालेले नाही. ज्या रक्ताच्या पिशव्यांवर ही मुले जगतात, त्याच पिशव्यांतून ते आलेले आहे. या ओझ्याचा पहिला भार ज्या अवयवावर पडतो तो म्हणजे यकृत. हे असे का घडते हे कळण्यासाठी शरीर लोहाचा हिशेब कसा ठेवते ते प्रथम पाहिले पाहिजे.

लोहाचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते. एखाद्या लहानशा खिळ्यात मावेल एवढेच हे प्रमाण आहे. त्यापैकी सुमारे दोनतृतीयांश लोह तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. काही स्नायूंत व विकरांत असते आणि उरलेले साठ्याच्या रूपाने मुख्यतः यकृतात राहते. पुरुषांमध्ये हा साठा एक ग्रॅमच्या आसपास असतो. मासिक पाळी व बाळंतपणे यांमुळे स्त्रियांमध्ये तो पुष्कळच कमी असतो.

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. जीर्ण झालेल्या पेशी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी गिळून टाकतात आणि त्यांतील लोह सोडवून पुन्हा नवीन रक्तपेशी घडविण्यासाठी परत देतात. अशा रीतीने दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह शरीरातल्या शरीरातच फिरत राहते. बाहेरून येणारे लोह त्या मानाने अगदीच थोडे, म्हणजे दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम इतकेच असते. त्वचेच्या व आतड्याच्या आतील अस्तराच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जवळजवळ तेवढेच लोह बाहेर पडते. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी अशी होते.

या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सहजासहजी लक्षात येत नाही. शरीरात मीठ जास्त झाले तर मूत्रपिंड ते मूत्रावाटे बाहेर टाकते. पाणी जास्त झाले तर तेही बाहेर जाते. लोहाच्या बाबतीत अशी कोणतीही व्यवस्था शरीरापाशी नाही. १९३७ साली इंग्लंडमधील रॉबर्ट मॅकान्स व एल्सी विडोसन या शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, शरीरातील लोहाचे प्रमाण उत्सर्जनाने नव्हे, तर शोषणावरील नियंत्रणाने राखले जाते. आत येण्याच्या वाटेवर पहारा आहे, पण बाहेर जाण्यासाठी दारच नाही. लोहाधिक्याच्या सर्व रोगांचे मूळ या एका उणिवेत आहे.

कोठार आणि पहारेकरी

अन्नातील लोह लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागात शोषले जाते. आतड्याच्या पेशींतून रक्तात उतरल्यावर ते मोकळे फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचे एक प्रथिन त्याला धरून ठेवते व हवे तेथे पोहोचविते. निरोगी माणसात ट्रान्सफेरिनच्या एकूण क्षमतेपैकी सुमारे एकतृतीयांशच वापरलेली असते. म्हणजे दहा गाड्यांपैकी तीन-चार भरलेल्या आणि बाकीच्या रिकाम्या, अशी ही स्थिती असते. अकस्मात अधिक लोह आले तरी त्याला उचलून नेण्यास वाहन तयार असते.

गरजेपेक्षा जास्त झालेले लोह यकृतात येऊन पडते. यकृतपेशींमध्ये ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात ठेवले जाते. घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन १९३७ साली प्रथम वेगळे करण्यात आले. फेरिटिनचा रेणू पोकळ गोलासारखा असून त्याच्या पोटात लोहाचे सुमारे साडेचार हजार अणू मावू शकतात. अशा बंदिस्त अवस्थेत लोह कोणालाही अपाय करीत नाही. साठा फार वाढला तर फेरिटिनचे अंशतः विघटन होऊन हीमोसिडेरिन नावाचे तपकिरी कण तयार होतात.

यकृत हे केवळ कोठार नाही, दारावरचा पहारेकरीही यकृतच नेमते, ही गोष्ट या शतकाच्या आरंभी उघडकीस आली. यकृतपेशी हेप्सिडिन नावाचे एक लहानसे संप्रेरक तयार करतात. शरीरातील साठा पुरेसा झाला की यकृतातून हेप्सिडिन अधिक प्रमाणात स्रवते. ते आतड्याच्या व भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील फेरोपोर्टिन या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्याचा नाश घडवून आणते. फेरोपोर्टिन हा पेशीतून रक्तात लोह सोडण्याचा एकमेव ज्ञात मार्ग होय. तो बंद झाला की अन्नातील लोह आतड्याच्या पेशींतच अडकून राहते व त्या पेशी झडल्या की मलावाटे निघून जाते. उलटपक्षी, लोहाची चणचण असेल तर हेप्सिडिन घटते व दार उघडे राहते. लोखंडी कढईत भाजी शिजवल्याने किंवा पालेभाज्या भरपूर खाल्ल्याने निरोगी माणसाला लोहाधिक्य होत नाही, याचे कारण हा पहारा होय.

अतिरिक्त लोह अपाय कसा करते

ज्या गुणामुळे लोह जीवनाला उपयोगी पडते, त्याच गुणामुळे ते घातकही ठरते. लोहाचा अणू इलेक्ट्रॉन सहज देतो आणि सहज घेतो. प्राणवायूच्या देवघेवीचा व ऊर्जानिर्मितीचा पाया हाच आहे. पेशींच्या नित्याच्या व्यवहारात हायड्रोजन पेरॉक्साइड हे द्रव्य थोड्या प्रमाणात सतत तयार होत असते. त्याची गाठ मोकळ्या लोहाशी पडली, की हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत क्रियाशील मुक्त मूलक निर्माण होतो. या प्रकारच्या विक्रियेचे वर्णन हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली केले होते. ज्या मूलकाची कल्पना त्या वेळी कोणालाही नव्हती, तो समोर येईल त्या रेणूचे ऑक्सिडीभवन करतो. पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये, प्रथिने आणि खुद्द आनुवंशिक द्रव्य, यांपैकी काहीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. लोखंड गंजते ते प्राणवायूच्या संगतीने. शरीरात मात्र लोहामुळे जणू पेशीच गंजू लागतात.

ट्रान्सफेरिनच्या सर्व गाड्या भरून गेल्या, म्हणजे उरलेले लोह रक्तद्रवात निराधार फिरू लागते. हे मोकळे लोह यकृताच्या, हृदयाच्या व अंतःस्रावी ग्रंथींच्या पेशी झपाट्याने आत ओढून घेतात, कारण त्यांना ते नाकारण्याची सोय नसते. यकृताच्या वाट्याला त्यातील सर्वांत मोठा हिस्सा येतो. फेरिटिनची कोठारे तुडुंब भरल्यावर पेशीतील लोह बाहेर सांडू लागते, मुक्त मूलकांचा मारा सुरू होतो आणि यकृतपेशी एकामागून एक मरू लागतात.

यकृताच्या ठिकाणी पुनर्निर्मितीची शक्ती मोठी आहे. म्हणून प्रारंभी ही हानी भरून निघते व रुग्णाला काहीच जाणवत नाही. परंतु पेशींचा नाश वर्षानुवर्षे चालू राहिला म्हणजे यकृतातील तारकाकृती पेशी जाग्या होतात. एरव्ही या पेशी जीवनसत्त्व ‘अ’ साठवून शांतपणे पडून असतात. आता त्या जखम सांधावी त्याप्रमाणे कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. मृत पेशींच्या जागी चिवट तंतुमय ऊती येते, तिचे पट्टे परस्परांना मिळतात आणि मऊ, एकसंध यकृत कठीण व गाठाळ बनते. या अवस्थेला यकृताचे सूत्रण अथवा सिरोसिस म्हणतात. मद्यपानाने किंवा विषाणुजन्य काविळीने होणारे सूत्रण यापेक्षा शेवटी निराळे नसते. पोटात पाणी साठणे, अन्ननलिकेच्या नीला फुगून रक्ताची उलटी होणे, शुद्ध हरपणे ही सारी लक्षणे पुढे दिसू शकतात. लोहाने आनुवंशिक द्रव्यावर केलेल्या आघातांमुळे अशा यकृतात कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. मद्य अथवा ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीचे विषाणू यांची लोहाशी जोड झाली, तर जी हानी होण्यास दशके लागली असती ती थोड्या वर्षांतच होते.

पहारा फसण्याचे तीन प्रकार

शरीरात लोहाचा अतिरेक मुख्यत्वे तीन वाटांनी होतो. पहारेकरीच जन्मतः दुबळा असणे, ही पहिली वाट. १८६५ साली आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने मधुमेह, काळवंडलेली त्वचा आणि कठीण झालेले यकृत अशी तीन लक्षणे एकत्र असलेला एक रुग्ण वर्णिला. १८८९ मध्ये फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने या विकाराला हीमोक्रोमॅटोसिस असे नाव दिले. ऊतींना येणारा तपकिरी रंग रक्तापासून येतो, अशी त्याची समजूत होती. इंग्लंडमधील जोसेफ शेल्डन याने १९३५ साली ३११ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि हा लोहाच्या चयापचयातील जन्मजात दोष आहे, असा निष्कर्ष काढला. तो बरोबर ठरला. १९९६ साली या विकाराशी निगडित असलेले एचएफई हे जनुक सापडले. त्यातील एका विशिष्ट बदलामुळे यकृताला लोहाचा साठा नीट ओळखता येत नाही. त्यामुळे ते हेप्सिडिन कमी तयार करते आणि पोट भरलेले असतानाही दार उघडेच राहते. दररोज दोन-तीन मिलिग्रॅम जास्त लोह आत येते. पन्नाशीला पोहोचेपर्यंत २० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक लोह शरीरात साठू शकते. हा बदल दोन्ही बाजूंकडून घेतलेली माणसे उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत दर दोन-तीनशेंमागे एक आढळतात. त्यांपैकी सर्वांनाच रोग होत नाही. स्त्रियांमध्ये मासिक पाळीमुळे तो उशिरा प्रकट होतो. भारतीयांमध्ये हा जनुकीय बदल अत्यंत विरळा आहे.

बाहेरून येणाऱ्या लोहाचा मारा असाधारण असणे, ही दुसरी वाट. आफ्रिकेच्या दक्षिण भागात घरोघरी ज्वारी व मका यांची बिअर लोखंडी पिंपांत आंबविली जात असे. आम्लयुक्त पेयात लोखंड विरघळे आणि त्याच्या दर लिटरमध्ये ४० ते ८० मिलिग्रॅम लोह उतरे. अशी बिअर वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसांच्या यकृतात लोहाचे प्रचंड साठे असल्याचे १९२९ पासून नोंदले गेले. ही बिअर पिणाऱ्या सर्वांनाच हा विकार होत नसे, त्यामुळे येथेही काही आनुवंशिक दुबळेपणा असावा असे संशोधकांचे मत झाले. लोखंडी भांड्यातील नेहमीचा स्वयंपाक आणि हा प्रकार यांची तुलना होऊ शकत नाही. तेथे लोहाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते, ते सहज शोषले जाणाऱ्या स्वरूपात होते आणि जोडीला मद्यही होते.

तिसरी वाट मात्र भारताला अतिशय जवळची आहे. तीत दार आणि पहारेकरी दोघांनाही वगळून लोह थेट शिरेतून आत येते.

थॅलसीमियाग्रस्त मूल

थॅलसीमिया हा हीमोग्लोबिनच्या घडणीतील आनुवंशिक दोष आहे. त्याचे वर्णन १९२५ साली अमेरिकेतील टॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने केले. दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून आले, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. तिला सौम्य रक्तक्षयापलीकडे सहसा काही त्रास होत नाही. दोन्ही पालक वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग तीव्र स्वरूपात होण्याची शक्यता चारांत एक एवढी असते. भारतात लोकसंख्येच्या तीन ते चार टक्के माणसे बीटा थॅलसीमियाची वाहक असावीत असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली, बंगाली इत्यादी समाजांत हे प्रमाण अधिक आहे. ईशान्य भारतात व बंगालमध्ये हीमोग्लोबिन ‘ई’ हा दुसरा दोष विपुल असून त्याची थॅलसीमियाशी सांगड पडल्यासही गंभीर रोग होतो. भारतात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले तीव्र थॅलसीमिया घेऊन जन्मास येतात.

असे मूल जन्मतः निरोगी दिसते. सहा महिन्यांच्या सुमारास ते फिकट पडू लागते, त्याची वाढ खुंटते व पोट मोठे दिसू लागते. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त देणे, हाच त्याला जगविण्याचा उपाय असतो. रक्त मिळाले की ते मूल खेळते, शाळेत जाते. परंतु ४५० मिलिलिटर रक्ताच्या एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात शिरते. आतड्याने एवढे लोह घ्यावयाचे म्हटले तर त्याला चार-पाच महिने लागले असते. दहा-वीस पिशव्यांनंतर मुलाच्या शरीरातील लोह निरोगी प्रौढाच्या साठ्याची मर्यादा ओलांडून जाते आणि पिशव्या तर आयुष्यभर चालूच राहावयाच्या असतात.

याशिवाय या रोगात आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. अस्थिमज्जा रक्तपेशी बनविण्याची निष्फळ धडपड करीत असते. लोहाची फार गरज आहे, असा संदेश ती रक्तातून यकृताला पाठविते. हा संदेश वाहणारे एरिथ्रोफेरोन हे संप्रेरक २०१४ साली ओळखले गेले. यकृत त्या संदेशावर विसंबून हेप्सिडिन कमी करते आणि आधीच लोहाने गच्च भरलेल्या शरीरात आतडेही भर घालू लागते. याच कारणाने, ज्यांना क्वचितच रक्त द्यावे लागते अशा सौम्य थॅलसीमियाच्या रुग्णांतही तिशी-चाळिशीपर्यंत यकृतात लोहाचा मोठा साठा झालेला आढळतो.

चढविलेल्या रक्तातील लोह प्रथम भक्षक पेशींत जमते आणि त्या भरून गेल्या की यकृतपेशींत उतरते. उपचार न झाल्यास पहिल्या दशकातच यकृतात तंतुमयता दिसू लागते. पुढे स्वादुपिंडाला इजा होऊन मधुमेह होतो व अंतःस्रावी ग्रंथी मंदावल्याने वयात येणे लांबते. सरतेशेवटी हृदयाचे स्नायू दुबळे होतात. यकृतावर भार आधी येत असला तरी या रुग्णांचा मृत्यू बहुतेक वेळा हृदयाच्या विकाराने ओढवतो. ज्या काळी दिलेल्या रक्ताची ‘क’ काविळीसाठी तपासणी होत नसे, त्या काळात अनेक मुलांना त्या विषाणूची बाधाही झाली आणि त्यांच्या यकृतावर दुहेरी आघात झाला.

साठ्याचे मोजमाप

यकृताला वेदनेने बोलण्याची सवय नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता लोह मोजणे अगत्याचे असते. रक्तद्रवातील फेरिटिन ही सर्वांत सोपी व स्वस्त चाचणी होय. परंतु एकट्या तिच्यावर विसंबून राहणे योग्य नाही. ताप, जंतुसंसर्ग, मद्यपान आणि हल्ली सर्रास आढळणारे मेदयुक्त यकृत या सर्वांमध्ये फेरिटिन वाढते. त्यामुळे फेरिटिन थोडे वाढलेले दिसताच घाबरून जाण्याचे कारण नसते. त्याच्याबरोबर ट्रान्सफेरिनच्या संपृक्ततेची चाचणी करावी लागते. ती ४५ टक्क्यांहून अधिक भरली तर खऱ्या लोहाधिक्याची शंका बळावते.

यकृतातील लोह प्रत्यक्ष पाहण्याची जुनी पद्धत म्हणजे सुईने यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तो रंगविणे. माक्स पेर्ल्स या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६७ साली शोधलेल्या रंगक्रियेने लोहाचे कण गडद निळे दिसतात. तीच क्रिया आजही वापरात आहे. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क वजनात दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह असते. हे प्रमाण सातच्या वर गेले तर धोका वाढतो व पंधराच्या वर तो गंभीर होतो. आता चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजेच एम.आर.आय.च्या साहाय्याने सुई न टोचताही यकृतातील आणि हृदयातील लोह मोजता येते. ही सोय मोठ्या शहरांबाहेर सर्वत्र सुलभ नाही. त्यामुळे असंख्य रुग्णांची मदार अजून फेरिटिनवरच आहे.

जे दार नाही ते निर्माण करणे

शरीरापाशी लोह बाहेर टाकण्याचे दार नाही. म्हणून वैद्यकाला ते कृत्रिम रीतीने निर्माण करावे लागते. हीमोक्रोमॅटोसिसमध्ये हे काम आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. रुग्णाच्या शिरेतून दर आठवड्याला अर्धा लिटर रक्त काढून घ्यावयाचे. प्रत्येक खेपेस २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते आणि नवीन रक्त घडविण्यासाठी शरीर साठ्यातील लोह वापरते. वर्ष-दोन वर्षांत साठा पूर्ववत होतो आणि मग वर्षातून तीन-चार वेळा रक्त काढणे पुरते. प्राचीन काळापासून चालत आलेले आणि अनेक रोगांवर निरुपयोगी ठरलेले रक्तमोक्षण येथे सर्वोत्तम औषध ठरले आहे. सूत्रण होण्यापूर्वी हा उपचार सुरू झाला, तर रुग्ण इतर माणसांइतकेच आयुष्य जगतो.

ज्याला रक्ताचीच वाण आहे अशा थॅलसीमियाच्या मुलाचे रक्त मात्र काढता येत नाही. त्याच्यासाठी लोहाला पकडून बाहेर नेणारी औषधे लागतात. डेस्फेरॉक्झामिन हे त्यांतील पहिले औषध १९६० च्या सुमारास एका मृत्तिकाजीवाणूपासून मिळाले. हे औषध तोंडाने घेता येत नाही. लहानशा पंपाला जोडलेली सुई पोटाच्या त्वचेखाली टोचून ते रोज आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री हळूहळू द्यावे लागते. बाहेर पडणाऱ्या लोहाने लघवी तांबूस होते. ज्या मुलांनी हा उपचार चिकाटीने घेतला त्यांचे आयुष्य अनेक दशकांनी वाढले. पण पंप आणि औषध यांचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होता आणि रोज रात्री लेकराला सुई टोचणे हे आईवडिलांनाही सोपे नव्हते.

म्हणूनच तोंडाने घ्यावयाच्या औषधाची निकड भारताला विशेष जाणवली. डेफेरिप्रोन हे असे पहिले औषध. लंडनमध्ये शोधल्या गेलेल्या या औषधाला विक्रीचा परवाना १९९० नंतरच्या दशकात सर्वप्रथम भारतात मिळाला. ते यकृतात तंतुमयता वाढवीत असावे, अशी शंका १९९८ साली कॅनडातून व्यक्त झाली आणि तीवरून मोठा वाद माजला. यकृताच्या तुकड्यांच्या पुढील तपासणीत या शंकेला पुष्टी मिळाली नाही. मात्र या औषधाने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात, म्हणून रक्ताची वारंवार तपासणी आवश्यक असते. २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदाच घ्यावे लागते. तेही मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कार्यावर लक्ष ठेवूनच द्यावे लागते. यांपैकी कोणतेही औषध मध्येच सोडून चालत नाही, कारण रक्ताची पुढची पिशवी लोह घेऊन येणारच असते.

अस्थिमज्जेचे प्रतिरोपण हा रोगाच्या मुळावरचा उपाय आहे. अमेरिका व इटली येथे १९८० नंतर त्यास प्रारंभ झाला आणि भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ पासून तो केला जात आहे. या उपचाराच्या यशाचा अंदाज करण्यासाठी इटलीतील पेझारो येथील वैद्यांनी तीन निकष ठरविले. यकृत वाढलेले आहे काय, त्यात तंतुमयता आहे काय आणि लोह काढून टाकण्याचे औषध नियमाने घेतले गेले आहे काय, हे ते तीन प्रश्न होत. तिन्ही निकष यकृतावरील लोहाच्या ओझ्याशीच निगडित आहेत. लहानपणी यकृत सांभाळले गेले नाही, तर पुढे मिळू शकणारी संधीही क्षीण होते.

दक्षता

यावरून सर्वसामान्य माणसाने लोहाच्या गोळ्यांची धास्ती घ्यावी असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. गरोदर स्त्रीला, रक्तक्षयाने ग्रासलेल्या मुलीला या गोळ्यांची गरज आहे आणि तिच्या शरीरातील पहारा शाबूत आहे. दक्षता हवी ती निराळ्या ठिकाणी. रंगीत, शर्करावेष्टित गोळ्या लहान मुलांना खाऊ वाटतात. एकदम पुष्कळ गोळ्या गिळल्या गेल्यास पहाऱ्याचा बंधारा फुटतो आणि दोन-तीन दिवसांत यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरून मूल दगावू शकते. म्हणून या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात आणि एखाद्या मुलाने त्या खाल्ल्याचे कळताच, ते वरवर बरे दिसत असले तरी, त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

दुसरी दक्षता रक्तक्षयाच्या निदानाची. प्रत्येक फिकट चेहरा लोहाच्या अभावामुळेच असतो असे नाही. थॅलसीमियाच्या वाहकाच्या रक्तपेशीही लहान व फिकट असतात आणि त्याला लोह कमी पडले आहे असे समजून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जाण्याची शक्यता असते. लोह घेऊनही हीमोग्लोबिन वाढत नसेल, तर हीमोग्लोबिन ‘ए-दोन’ची चाचणी करून घेतली पाहिजे. ती वाहकास ओळखते. वाहकालाही लोहाची खरोखर कमतरता असू शकते. तसे असल्याचे तपासणीने सिद्ध झाल्यावर मात्र त्याला लोह अवश्य द्यावे.

हीच चाचणी विवाहापूर्वी किंवा निदान गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत केली गेली, तर दोन वाहकांना आपल्यापुढील धोका वेळीच कळतो. गर्भाची तपासणी करण्याची सोय मुंबईतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजीसह देशातील अनेक केंद्रांत आहे. सायप्रस आणि सार्डिनिया या भूमध्य समुद्रातील बेटांवर थॅलसीमियाचे प्रमाण फार मोठे होते. तेथे १९७० नंतरच्या दशकात वाहकांच्या तपासणीची मोहीम हाती घेण्यात आली आणि रोगग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. भारताने २०१६ च्या कायद्याने थॅलसीमियाचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला व अनेक राज्यांत शासकीय रुग्णालयांतून रक्त आणि औषधे विनामूल्य दिली जातात. तरीही रक्त मिळते पण औषध नियमाने मिळत नाही, अशा मुलांची संख्या लहान नाही. अशा मुलाचे पालक दर महिन्याला हीमोग्लोबिनचा आकडा विचारतात, कारण त्यावर त्याचा आजचा तजेला अवलंबून असतो. फेरिटिनचा आकडाही त्यांनी तितक्याच आग्रहाने विचारला पाहिजे. मुलाचे यकृत किती वर्षे साथ देईल हे त्या दुसऱ्या आकड्यावर ठरत असते.